औषधाचा गाडी चालवण्यावर परिणाम होतो का: असा अभ्यास कसा वाचायचा

एखाद्या औषधाबद्दल ‘गाडी चालवण्यावर परिणाम आढळला नाही’ असं वाचलंत, तर आनंद मानण्याआधी एक गोष्ट शोधा. त्याच अभ्यासात, त्याच लोकांना, दारू किंवा झोपिक्लोनसारखी झोपेची गोळी देऊनही चाचणी घेतली होती का? नसेल, तर त्या वाक्याला मी तरी फारशी किंमत देत नाही. फरक दिसला नाही याचे दोन अर्थ निघतात. एक तर औषध खरोखर निरुपद्रवी असेल, नाहीतर चाचणीच इतकी बोथट असेल की तिला दारूसुद्धा पकडता आली नसती. ज्याचा परिणाम होतोच हे आधी माहीत आहे असं काहीतरी सोबत दिलं आणि ते चाचणीनं पकडलं, तरच बाकीच्या आकड्यांकडे वळायचं.

मी ड्रायव्हिंग सिम्युलेटरच्या, म्हणजे पडद्यावरच्या रस्त्यावर गाडी चालवायच्या यंत्राच्या, लॅबमध्ये ट्रायल कोऑर्डिनेटर आहे. स्वयंसेवकांच्या तारखा सांभाळायच्या, त्यांना स्टिअरिंगमागे बसवायचं आणि ते चालवत असताना शेजारच्या खोलीत स्क्रीनकडे बघत बसायचं, हे माझं काम. म्हणून एखाद्या अभ्यासाचा पेपर हातात आला की निष्कर्ष शेवटी वाचते, आधी पद्धतीचा भाग उघडते. तुम्हीही तसंच करा.

तिथे ‘एसडीएलपी’ (स्टँडर्ड डेव्हिएशन ऑफ लॅटरल पोझिशन) ही अक्षरं बहुतेक वेळा भेटतील. गाडी लेनमध्ये डावी-उजवीकडे किती डुलते, त्याचं हे माप. गाडी लेनच्या मधोमध आहे की कडेला, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. सतत एका कडेनं पण सरळ जाणाऱ्याचं माप कमी येतं, मधोमध राहून झोकांड्या खाणाऱ्याचं जास्त. हे माप घेणारी रस्त्यावरची चाचणी १९८०च्या दशकात नेदरलँड्समध्ये जेम्स ओ’हॅनलन यांनी रुजवली. खरा हायवे, खरी रहदारी, सुमारे १०० किलोमीटरचा पल्ला, ताशी ९५ किलोमीटरचा वेग. शेजारी प्रशिक्षक, त्याच्या पायाशी वेगळा ब्रेक, आणि लेनच्या रेषेवर रोखलेला कॅमेरा.

आता मोजपट्टी. रक्तात ०.०५ टक्के दारू असताना हे डुलणं प्लासिबोच्या (औषध नसलेल्या, दिसायला तशाच गोळीच्या किंवा पेयाच्या) तुलनेत साधारण २.४ सेंटिमीटरनं वाढतं. जेमतेम अंगठ्याच्या रुंदीएवढं. मागून येणाऱ्याला काही कळणारही नाही, पण औषधांचे आकडे बहुधा याच रेषेशी ताडून बघतात. इथे सरासरीवर थांबू नका. समजा सरासरी वाढ १.२ सेंटिमीटर दिलीय, पण कॉन्फिडन्स इंटरव्हलचं, म्हणजे खरी वाढ ज्या टप्प्यात असू शकते त्याचं, वरचं टोक ३ वर, २.४ च्या पलीकडे आहे. मग ‘परिणाम नाही’ असं म्हणता येत नाही, ‘ठरवता आलं नाही’ एवढंच म्हणता येतं. चांगल्या पेपरात आणखी एक हिशेब असतो: किती जणांचं डुलणं २.४ पेक्षा जास्त वाढलं आणि किती जणांचं तेवढंच कमी झालं. सरासरीच्या आड चार-पाच जणांची भयंकर ड्राइव्ह सहज लपते. ती या हिशेबात उघडी पडते. आणि ड्राइव्ह मध्येच थांबवावी लागलेले लोक कुठे गेले, तेही बघा. झोप अनावर झाली म्हणून ज्याला थांबवलं, त्याचा आकडा गाळून टाकला तर औषध उगाचच सोज्वळ दिसतं.

माझ्या स्क्रीनवर लेनमधली जागा एका रेघेनं उमटत जाते. सुरुवातीची दहा मिनिटं ती सगळ्यांचीच बरी असते. नवखेपणा असतो, कुणीतरी बघतंय ही जाणीव असते. खरी गंमत नंतर, सरळसोट रस्त्याचा कंटाळा आला की. रेघ हळूहळू एका बाजूला ओघळते, मग एकदम झटक्यानं परत येते, पुन्हा ओघळते. माणूस बाहेर आला की आम्ही प्रश्नावली देतो: कशी चालवली? ‘एकदम व्यवस्थित.’ झोप येत होती? ‘छे!’ खोटं बोलत नसतात बिचारे, त्यांना खरंच तसं वाटत असतं. त्यामुळे दहा-पंधरा मिनिटांच्या ड्राइव्हवर बेतलेला अभ्यास असेल तर मी भुवई उंचावते, आणि निव्वळ ‘सहभागींना गुंगी जाणवली नाही’ यावर उभा असेल तर बाजूला ठेवते.

हे माझंच म्हणणं नाही. २००० साली अमेरिकेतल्या आयोवाच्या सिम्युलेटरवर झालेल्या एका अभ्यासात ४० जणांना आळीपाळीनं फेक्सोफेनाडिन, डायफेनहायड्रामिन (दोन्ही ॲलर्जीवरची औषधं), दारू आणि प्लासिबो दिलं होतं. ॲलर्जीवरच्या जुन्या डायफेनहायड्रामिननं ड्रायव्हिंग दारूपेक्षाही बिघडवलं, फेक्सोफेनाडिन प्लासिबोच्या जवळ राहिलं. आणि किती गुंगी वाटते यावरून कोण किती वाईट चालवेल याचा नीट अंदाज बांधता आला नाही. २०१४ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेनं एस्झोपिक्लोन या झोपेच्या गोळीचा सुरुवातीचा डोस २ वरून १ मिलिग्रॅमवर आणला, तोही अशाच कारणानं. ३ मिलिग्रॅम घेतलेल्यांचं ड्रायव्हिंग आणि स्मरणशक्ती ११ तासांनंतरही बिघडलेली असू शकत होती, आणि बऱ्याच जणांना त्याचा पत्ताच नव्हता.

यातूनच पुढचा प्रश्न: डोस घेतल्यावर किती तासांनी चालवायला लावलं? रात्रीची गोळी असेल तर दुसऱ्या सकाळची चाचणी हवी. झोल्पिडेम या झोपेच्या गोळीचं उदाहरण घ्या. १० मिलिग्रॅम घेतल्यावर आठ तासांनीही सुमारे १५ टक्के स्त्रियांच्या रक्तात ड्रायव्हिंग बिघडवू शकेल एवढं औषध शिल्लक होतं. पुरुषांत हे प्रमाण ३ टक्के. २०१३ मध्ये एफडीएनं स्त्रियांसाठीचा डोस निम्मा केला. तेव्हा स्त्री-पुरुषांचे आकडे वेगळे दिलेत का, हे जरूर बघा. मायग्रेनवरच्या लॅस्मिडिटानच्या माहितीपत्रकात तर घेतल्यावर किमान आठ तास गाडी चालवू नका असं स्पष्ट लिहिलंय.

चालवणारे कोण होते? बहुतेकदा तरुण, धडधाकट, दुसरं काहीही न घेणारे. वरच्या एस्झोपिक्लोनच्या अभ्यासात २५ ते ४० वयाचे ९१ निरोगी लोक होते. तुम्ही साठीच्या पुढचे असाल, रक्तदाबाची आणि आणखी दोन गोळ्या चालू असतील, तर तो आकडा तुमचा नाही. उलटही घडतं: निद्रानाशाच्या रुग्णाचं ड्रायव्हिंग औषधाविनाच ढासळलेलं असू शकतं, आणि काही औषधांची शरीराला आठवड्याभरात सवय होते. म्हणून पहिल्या दिवशीची आणि काही दिवस घेतल्यानंतरची अशा दोन्ही चाचण्या असतील तर उत्तम.

पद्धतीतल्या बाकीच्या गोष्टी पटकन तपासून होतात. प्रत्येकानं सगळी औषधं आळीपाळीनं घेतली का? दोन पाळ्यांमध्ये आधीचं औषध शरीरातून जाण्याइतके दिवस सोडले होते का? कुणाला काय दिलंय हे घेणाऱ्यापासून आणि मोजणाऱ्यापासून लपवलं होतं का? मुख्य चाचणीआधी सराव होता का? सराव नसेल तर लोक दर खेपेला सुधारत जातात आणि औषधाचा दोष त्यात बुडतो. सिम्युलेटर की खरा रस्ता, या वादात मी फार पडत नाही. सिम्युलेटरमध्ये मळमळून काही जण गळतात, पण जे प्रसंग रस्त्यावर मुद्दाम घडवून आणता येणार नाहीत ते तिथे घडवता येतात.

अपघातांच्या नोंदींवर बेतलेला अभ्यास असेल तर जरा सांभाळून. अमेरिकेतल्या ग्रँड रॅपिड्स शहरातल्या १९६४च्या गाजलेल्या अभ्यासात थोडीशी दारू प्यालेल्यांचे अपघात अजिबात न प्यालेल्यांपेक्षा कमी दिसत होते! दोन्ही गटांतली माणसंच वेगळी होती. पिण्याच्या सवयीप्रमाणे गट पाडल्यावर दारूबरोबर धोका वाढतच जाताना दिसला.

हे सगळं वाचून एखादी गोळी मनानं बंद मात्र करू नका. डॉक्टरांकडे जाताना ‘चालवू का?’ एवढंच न विचारता गोळीची वेळ, निघायची वेळ आणि सोबतच्या इतर गोळ्या कागदावर लिहून न्या. सर्दीची दुकानातून परस्पर आणलेली गोळीही त्यात लिहा, बऱ्याच जणांच्या यादीत नेमकी तीच नसते.