कोरड्या त्वचेच्या रुटीनमध्ये सुगंध आणताना या चुका टाळा

त्वचा कोरडी आहे म्हणून सुगंधाचा नाद सोडावा, असं मुळीच नाही. आपल्या आवडीचा वास आपण निवडावा, रोजच्या तेलाला-क्रीमला तो द्यावा आणि दिवसभर तो आपल्यासोबत असावा, ही इच्छा अगदी रास्त आहे. घोटाळा होतो तो क्रमात आणि प्रमाणात. त्वचेच्या सर्वांत वरच्या थरातल्या पेशींमधल्या फटी सेरामाइड, कोलेस्टेरॉल आणि फॅटी अ‍ॅसिड या स्निग्ध पदार्थांनी बुजलेल्या असतात. कोरड्या त्वचेत हे स्निग्ध पदार्थ अपुरे पडतात. त्यामुळे आतलं पाणी उडून जातं आणि बाहेरचे पदार्थ सहज आत शिरतात. सुगंधाचे रेणू लहान असतात, तेलात विरघळतात, म्हणजे आत शिरायला ते अगदी सोयीचे. तेलकट त्वचेची मैत्रीण जे बिनधास्त लावते, त्याने तुमची त्वचा लाल होते ती यामुळे.

म्हणून माझं ठाम मत आहे की संपूर्ण रुटीनमध्ये सुगंध एकाच ठिकाणी असावा, सर्वांत शेवटी यावा आणि जमेल तितका चेहऱ्यापासून लांब राहावा. पुढच्या बहुतेक चुका या ना त्या प्रकारे हे सोडल्यामुळेच होतात.

आधी वास निवडणं, मग त्वचेचा विचार करणं

बहुतेकांची सुरुवात बाटल्या हुंगण्यापासून होते. चंदन घ्यावं की लव्हेंडर, हे ठरतं, पण त्याखाली काय लावायचं ते ठरलेलंच नसतं. कोरड्या त्वचेला सुगंधाने ओलावा मिळत नाही. आधी दोन-तीन आठवडे बिनवासाचं साधं रुटीन चालवा. अंघोळीचं पाणी कोमट ठेवा आणि अंघोळ पाच-दहा मिनिटांत आटपा. कमी फेस येणारा सौम्य क्लीन्झर वापरा. अंग खसाखसा न पुसता टिपून घ्या आणि त्वचा ओलसर असतानाच क्रीम लावा. क्रीममध्ये ग्लिसरिन किंवा युरियासारखं पाणी धरून ठेवणारं काहीतरी हवं, सेरामाइड असेल तर उत्तम. फार ओढल्यासारखं होत असेल तर त्यावर पेट्रोलियम जेलीचा पातळ हात फिरवा.

या आठवड्यांचा दुसरा फायदा मोठा आहे. सगळं एकदम सुरू केलं आणि खाज सुटली, तर दोष क्रीमचा की सुगंधाचा, हे कळायला मार्गच उरत नाही. त्वचा शांत झाल्यावर सुगंध आणला तर उत्तर लगेच मिळतं. एक्झिमा भडकलेला असेल, भेगांतून रक्त येत असेल, तर त्वचा भरून येईपर्यंत सुगंध बंदच ठेवावा. इथे तडजोड नको.

प्रत्येक थराला वेगळा वास

गुलाबाचा फेसवॉश, लिंबाच्या वासाचं टोनर, व्हॅनिलाचं लोशन आणि वरून परफ्यूम. एकेकाचं प्रमाण कमी असलं तरी त्वचेवर बेरीज होते. शिवाय चारही वास एकमेकांत मिसळून जे तयार होतं, ते तुम्ही निवडलेलं नसतंच. ज्याला ‘माझा सुगंध’ म्हणायचं आहे, तो एकाच बाटलीत ठेवा. उरलेलं सगळं बिनवासाचं.

लेबल वाचताना इथे अनेकजण फसतात. ‘अनसेंटेड’ लिहिलेल्या क्रीममध्ये मूळ घटकांचा वास झाकण्यासाठी सुगंधी द्रव्य घातलेलं असू शकतं. तुम्हाला हवं ते ‘फ्रॅग्रन्स-फ्री’, आणि तरीही घटकांच्या यादीत ‘परफ्यूम’ किंवा ‘फ्रॅग्रन्स’ नाही ना, हे पाहून घ्या. लिनालूल, लिमोनीन, जिरानिऑल, सिट्राल, युजेनॉल ही नावंही ओळखीची करून घ्या. ही सुगंधी द्रव्यंच आहेत आणि काहींना त्यांची अ‍ॅलर्जी होते. युरोपीय संघात त्वचेवर राहणाऱ्या उत्पादनात अशा ठरावीक घटकांचं प्रमाण 0.001 टक्क्यांहून जास्त असेल, तर नाव छापावंच लागतं. धुऊन टाकायच्या उत्पादनासाठी ही मर्यादा 0.01 टक्के आहे. या यादीत पूर्वी 26 नावं होती, 2023 मधल्या दुरुस्तीने ती 80 च्या वर गेली.

‘एकच थेंब तर टाकलाय’

सर्वांत जास्त नुकसान करणारी चूक ही आहे, म्हणून इथे जरा थांबून हिशेब करू.

इसेन्शियल ऑइलचा, म्हणजे वनस्पतींपासून काढलेल्या तीव्र सुगंधी तेलाचा, एक थेंब साधारण 0.05 मिली असतो, म्हणजे 20 थेंबांचा एक मिली. चेहऱ्याला लागतं तेवढं क्रीम जेमतेम एक ग्रॅम भरतं. तळहातावरच्या त्या क्रीममध्ये एक थेंब टाकला की प्रमाण पाच टक्क्यांच्या घरात जातं. चेहऱ्यासाठी अर्धा टक्का ही शहाणपणाची मर्यादा आहे आणि अंगासाठी एक टक्का पुरे. म्हणजे ‘एकच थेंब’ हा मर्यादेच्या दहापट झाला! रोज, दोन वेळा, आधीच कमकुवत झालेल्या त्वचेवर.

अंगाच्या तेलासाठी सोपं माप असं: 30 मिली जोजोबा किंवा तत्सम वाहक तेलात (ज्यात इसेन्शियल ऑइल पातळ करतात ते साधं तेल) सहा थेंब घातले की एक टक्का होतो, तीन घातले की अर्धा. पहिली बाटली तीन थेंबांचीच करा.

क्रीममध्ये वास हवा असेल तर मधली पायरी घाला. नऊ मिली जोजोबात एक मिली इसेन्शियल ऑइल घालून दहा टक्क्यांचं मिश्रण तयार करा. याचा एक थेंब एक ग्रॅम क्रीममध्ये घातला की अर्धा टक्का होतो. अंगासाठी चमचाभर, म्हणजे पाच मिली लोशनला पाच थेंब. हे मिश्रण थेट त्वचेवर लावायचं नाही, तसं बाटलीवर ठळक लिहून ठेवा, घरातलं दुसरं कुणी चुकून लावायला नको. मिसळणं दर वेळी हातावरच करा. क्रीमच्या अख्ख्या डबीत तेल ओतलं तर क्रीम फुटू शकतं, त्यातल्या प्रिझर्व्हेटिव्हचा तोल बिघडू शकतो आणि वास नकोसा झाला तर अख्खी डबी वाया जाते.

थेंबांचं मापही पक्कं नसतं. दाट तेलाचा थेंब मोठा पडतो, पातळ तेलाचा लहान, ड्रॉपर बदलला की पुन्हा फरक. नेहमी तयार करणार असाल तर ग्रॅमचे शतांश दाखवणारा छोटा डिजिटल काटा घ्या.

नैसर्गिक आहे, म्हणजे सौम्यच

तसं नाही. एकेका इसेन्शियल ऑइलमध्ये कित्येक रसायनं असतात आणि प्रत्येक तेलाचा स्वभाव वेगळा. दालचिनीच्या सालीचं तेल त्यातल्या सिनामाल्डिहाइडमुळे त्वचेला फार तापदायक. त्याची सुचवलेली मर्यादा 0.07 टक्के आहे, म्हणजे 30 मिलीच्या बाटलीत अर्धा थेंबही बसत नाही. कोरड्या त्वचेसाठी ते वापरूच नका. लवंगेच्या तेलाला अर्ध्या टक्क्याची मर्यादा आहे, माझ्या मते तेही नको. पेपरमिंटचा गारवा सुखाचा वाटतो, पण खाजणाऱ्या कोरड्या त्वचेला तो चिडवतो.

बर्गमॉट, लिंबू, ग्रेपफ्रूट अशी सालं दाबून काढलेली तेलं उन्हाशी जुळत नाहीत. त्यांतल्या फ्युरोकुमारिन द्रव्यांवर अतिनील किरण पडले की त्वचा भाजल्यासारखी होते, फोड येतात आणि मागे राहिलेले काळे डाग महिनोन्‌महिने जात नाहीत. दाबून काढलेल्या बर्गमॉटची मर्यादा 0.4 टक्के, लिंबाची दोन टक्के. त्यापेक्षा जास्त लागलं तर किमान 12 तास ती जागा उन्हापासून झाकायला हवी. लिंबूवर्गातलाच वास हवा असेल तर गोड संत्र्याचं किंवा ऊर्ध्वपातनाने काढलेल्या लिंबाचं तेल घ्या, त्यात ही अडचण नाही. बर्गमॉटही फ्युरोकुमारिन काढून टाकलेलं मिळतं.

लव्हेंडरची गोष्ट वेगळी आहे. ताजं लव्हेंडर तुलनेने सौम्य. पण त्यातल्या लिनालूलचा हवेशी संबंध येऊन ऑक्सिडेशन झालं की जे पदार्थ तयार होतात, ते अ‍ॅलर्जी निर्माण करण्यात जास्त वाकबगार असतात. संत्र्या-लिंबातल्या लिमोनीनचंही तेच. वर्षानुवर्षं अर्धी भरलेली बाटली कपाटात असेल, तर ती त्वचेसाठी बाद समजा. गडद काचेची लहान बाटली घ्या, बूच घट्ट लावा, उघडल्याची तारीख लिहा आणि थंड जागी ठेवा.

आणखी एक गोष्ट. शुद्ध गुलाबाच्या एक किलो तेलासाठी हजारो किलो पाकळ्या लागतात. त्यामुळे स्वस्तात मिळणारं ‘गुलाब तेल’ बहुधा तयार सुगंधी मिश्रण असतं. ते वाईटच असं नाही, पण मेणबत्ती किंवा डिफ्यूझरसाठी बनवलेलं मिश्रण अंगाला लावू नका. 1973 मध्ये स्थापन झालेली इफ्रा ही सुगंध उद्योगाची आंतरराष्ट्रीय संघटना कोणतं द्रव्य कुठल्या प्रकारच्या उत्पादनात किती चालेल, हे ठरवते. चेहऱ्याचं क्रीम, अंगाचं लोशन, हाताचं क्रीम यांचे गट निराळे आहेत. विक्रेत्याकडे त्या सुगंधाचं इफ्रा प्रमाणपत्र मागा, आणि ते मिळालं नाही तर त्वचेसाठी तो घेऊ नका.

वाहक तेलाकडे मात्र कुणी पाहत नाही. ऑलिव्ह तेलात ओलेइक अ‍ॅसिड भरपूर असतं आणि ते त्वचेचं आवरण आणखी सैल करू शकतं. लिनोलेइक अ‍ॅसिड जास्त असलेलं सूर्यफूल तेल कोरड्या त्वचेला जास्त मानवतं. जोजोबा हा खरं तर द्रवरूप मेणाचा प्रकार, लवकर खवट होत नाही, म्हणून सुगंधी तेलासाठी तो मला सर्वांत भरवशाचा वाटतो.

पाण्यात तेलाचे थेंब टाकून स्प्रे करणं

तेल पाण्यात विरघळत नाही. बाटली हलवली तरी काही क्षणांत ते वर येतं आणि एखाद्या फवाऱ्यात निव्वळ तेल चेहऱ्यावर, अगदी पापण्यांवर येऊ शकतं. ते मिसळण्यासाठी पॉलिसॉर्बेट 20 सारखा पदार्थ लागतो. शिवाय पाणी आलं की जंतू आले, मग प्रिझर्व्हेटिव्ह हवंच. ई जीवनसत्त्व ते काम करत नाही, ते फक्त तेल खवट होणं लांबवतं. घरी करताना पाणी टाळून तेलाचंच मिश्रण करणं सर्वांत सुरक्षित.

नाकावर विसंबून प्रमाण वाढवणं

रोजचा वास नाकाच्या सवयीचा होतो आणि वाटतं, उडाला. इतरांना तो येतच असतो. दुसऱ्याला विचारा, बाटलीत थेंब वाढवू नका.

परफ्यूम थेट कोरड्या अंगावर

बहुतेक परफ्यूममध्ये मुख्य भाग अल्कोहोलचा. कोरड्या त्वचेला ते झोंबतं, आणि वासही तिथे फार टिकत नाही. आधी बिनवासाचं क्रीम लावून मुरू द्या, मग परफ्यूम. त्याहून बरं म्हणजे कपड्यावर मारा, डाग पडत नाही ना हे आतल्या बाजूला पाहून.

एका रात्रीची चाचणी

कोपराच्या आत थेंब लावला, सकाळी काही झालं नाही, म्हणून चेहऱ्याला लावलं, ही चाचणी अपुरी आहे. अ‍ॅलर्जीची प्रतिक्रिया उशिरा येते, बरेचदा एक ते तीन दिवसांनी, आणि शरीर त्या पदार्थाला पहिल्यांदाच ओळखत असेल तर त्याहूनही उशिरा. तयार मिश्रण, ज्या प्रमाणात वापरणार त्याच प्रमाणात, कोपराच्या आतल्या बाजूला नाण्याएवढ्या जागी दिवसातून दोनदा, सात ते दहा दिवस लावा. निव्वळ इसेन्शियल ऑइल लावून चाचणी करू नका, त्या चाचणीनेच अ‍ॅलर्जी जडू शकते.

बिघडलंच तर

लावताक्षणी चुरचुरलं आणि धुतल्यावर थांबलं, तर बहुधा प्रमाण जास्त झालं किंवा त्वचा अजून भरून आलेली नाही. सुगंध थांबवा, बिनवासाच्या रुटीनवर परत या, आणि रेटिनॉल किंवा अ‍ॅसिडची उत्पादनं चालू असतील तर तीही काही दिवस बाजूला ठेवा.

तेल लावूनही त्वचा ओढल्यासारखी वाटत असेल, तर तेल कोरड्या अंगावर लागतंय. तेल पाणी देत नाही, असलेलं अडवून धरतं. ते ओलसर त्वचेवर किंवा क्रीमवर लावा.

वास तासाभरात जात असेल तर तो लिंबूवर्गाचा असणार, ते हलके रेणू लवकर उडतात. चंदन किंवा वाळा थोडा मिसळला तर तळाशी काहीतरी रेंगाळतं. एकूण थेंब मात्र तेवढेच ठेवायचे, संत्र्याचे दोन कमी करून वाळ्याचे दोन घालायचे.

मिश्रणाला जुन्या रंगासारखा किंवा खवट वास येऊ लागला तर ते टाकून द्या. नवा सुगंध घालून तो झाकू नका.

दोन दिवसांनी खाजरं, लाल, बारीक पुरळ उठलं, विशेषतः पापण्यांवर किंवा मानेवर, तर ते अ‍ॅलर्जीचं लक्षण असू शकतं. तेव्हा प्रमाण कमी करून उपयोग नाही, एकदा जडलेली अ‍ॅलर्जी सहसा जन्मभर राहते. सगळी सुगंधी उत्पादनं थांबवून त्वचारोगतज्ज्ञांकडे जा आणि वापरलेल्या बाटल्या लेबलांसकट सोबत न्या. ते पॅच टेस्ट करतात, पाठीवर लावलेल्या पट्ट्या 48 तासांनी काढतात आणि एक-दोन दिवसांनी पुन्हा तपासतात. त्यातून नेमकं नाव कळलं की बाकीचे दरवाजे बंद होतातच असं नाही. दोष लिनालूलचा निघाला तर लव्हेंडर गेलं, पण चंदनाचा वास मुख्यतः सँटालॉलचा असतो. डॉक्टरांनी हो म्हटलं तर चंदनाची अर्ध्या टक्क्याची छोटी बाटली करून कोपराच्या आतल्या चाचणीपासून पुन्हा सुरुवात करता येते.