सॅम्पल साइज : आकडा कमी कुठे करता येतो आणि कुठे नाही

‘सॅम्पल किती घेऊ?’ असं गाइडला विचारण्याआधी किमान किती फरक सापडला तर तो आपल्या विषयात दखल घेण्याजोगा ठरेल, हे ठरवा. बाकीचं गणित त्यावरच उभं राहतं.

दोन गटांच्या सरासरींची तुलना असेल तर ढोबळ हिशोब कागदावरही होतो. हा फरक भागिले प्रमाण विचलन (आकडे सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप). येईल त्याचा वर्ग करा आणि १६ला त्याने भागा. ५% सार्थकता पातळी (फरक नसताना तो ‘सापडण्याची’ शक्यता) आणि ८०% पॉवर (फरक असताना तो सापडण्याची शक्यता) धरून एका गटात किती जण लागतील ते कळतं. फरक अर्ध्या प्रमाण विचलनाइतका असेल तर ६४. तोच निम्मा धरला की संख्या चौपट, २५६. ती बघून घाबरलेला विद्यार्थी परत जाऊन अपेक्षित फरकच फुगवतो! दहा-बारा जणांच्या पायलटमधून, म्हणजे आधीच्या छोट्या चाचणी-अभ्यासातून, आलेला फरकही असाच दगा देतो, कारण इतक्या कमी लोकांत तो कुठेही भरकटू शकतो. पायलटमधून प्रश्नावलीतल्या अडचणी आणि गळतीचा अंदाज घ्यावा, फरक नव्हे.

खरी बचत मोजमापात आहे. प्रयोगाआधीही तीच चाचणी घ्या आणि विश्लेषणात ते गुण सहचल (निकालाशी जोडलेला, हिशोबात धरलेला आणखी एक घटक) म्हणून धरा. आधीच्या-नंतरच्या गुणांत ०.७ सहसंबंध असेल तर लागणारी संख्या (१ − ०.४९) पट, म्हणजे ६४च्या जागी साधारण ३३.

वर्गच्या वर्ग निवडत असाल तर हिशोब उलटा फिरतो. एका वर्गात २० मुलं आणि वर्गांतर्गत सहसंबंध (एकाच वर्गातली मुलं एकमेकांसारखी असण्याचं माप) ०.०५ असेल तर १ + १९ × ०.०५ = १.९५, म्हणजे जवळपास दुप्पट मुलं. अशा वेळी प्रत्येक वर्गातली मुलं वाढवण्यापेक्षा वर्ग वाढवावेत.

गळती २०% धरली तर दोन गटांच्या ६४-६४, म्हणजे १२८ला ०.८ने भागा: १६०. नुसते २०% मिळवले तर १५४ येतात आणि शेवटी माणसं कमी पडतात.

प्रबंधांत सर्रास दिसणारा ३८४ हा आकडा मोठ्या लोकसंख्येतलं एखादं प्रमाण ±५% अचूकतेने सांगण्यापुरता आहे, तोही साध्या यादृच्छिक नमुन्यासाठी. गटांच्या तुलनेला तो लावू नये.

डेटा येत असताना मधूनमधून पी-व्हॅल्यू (खरा फरक नसतानाही इतका किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता) पाहून थांबायचा मोह होतो. समान अंतराने पाच वेळा ०.०५च्या निकषावर पाहिलं तर चुकीच्या ‘शोधा’ची शक्यता सुमारे १४% होते. मध्ये पाहायचंच असेल तर किती वेळा ते आधीच लिहून ठेवा. मध्ये पाहण्यासाठी कडक निकष आधीच ठरवणाऱ्या पोकॉकच्या पद्धतीत पाच वेळांसाठी प्रत्येकी निकष ०.०१५८ आहे.