गोठवलेला उंदीर सापाला भरवताना: आधी वितळवा, मग तापवा

गोठवलेला उंदीर सापाने नाकारला की साप नखरेल ठरतो. खरं तर पुष्कळदा चूक उंदरातच असते: बाहेरून कोमट आणि पोटात अजून बर्फ. वितळवणं आणि तापवणं ही दोन वेगळी कामं आहेत. ती एकाच गरम पाण्यात उरकायला गेलं की घोटाळा होतो.

इथली आकडेवारी बॉल पायथन आणि कॉर्न स्नेक या दोन परदेशी सापांसाठी आहे. नाग, धामण, अजगर हे आपले साप वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली संरक्षित आहेत, ते घरात ठेवणं गुन्हा आहे. बॉल पायथन सायटीस या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्ट २ मध्ये येतो, त्यामुळे भारतात त्याची केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते.

आधी मापाचं बघू. मराठीत छोटा माऊसही उंदीर आणि मोठा रॅटही उंदीर, म्हणून इथे इंग्रजी नावंच वापरतो. भक्ष्याची जाडी सापाच्या सर्वांत जाड भागाइतकी, फार तर सव्वापट. अंड्यातून नुकत्याच बाहेर आलेल्या कॉर्न स्नेकला दोन-तीन ग्रॅमची पिंकी, म्हणजे केस न आलेलं माऊसचं पिल्लू, दर ५ ते ७ दिवसांनी पुरते. वाढत्या बॉल पायथनला स्वतःच्या वजनाच्या १० ते १५ टक्के वजनाचा रॅट आठवड्यातून एकदा, प्रौढाला सुमारे ५ टक्के वजनाचा दोन-तीन आठवड्यांनी. स्वयंपाकघरातला वजनकाटा लागतोच, पण तो सापासाठी वेगळा घ्या.

सापळ्यात अडकलेला घरचा उंदीर फ्रीझरमध्ये टाकून फुकटची सोय करू नका. त्याने विष खाल्लेलं असू शकतं आणि ते सापाला बाधतं. शिवाय घरच्या फ्रीझरमध्ये सगळे परजीवी मरतीलच याचा भरवसा नाही. भक्ष्य म्हणून वाढवलेलेच उंदीर घ्या, हवाबंद पिशवीत, झाकणाच्या डब्यात, उणे १८ अंशांना ठेवा आणि सहा महिन्यांत संपवा. वीज बराच वेळ गेली आणि उंदीर पूर्ण मऊ पडले, तर परत गोठवू नका, टाकून द्या.

वितळवण्यासाठी उंदीर झिपलॉक पिशवीत घालून, डब्यात ठेवून, फ्रीजच्या सर्वांत खालच्या कप्प्यात ठेवा. पिंकीला दोन-तीन तास लागतात, मोठ्या माऊसला पाच-सहा, मध्यम रॅटला रात्रभर किंवा पूर्ण दिवसही. घाई असेल तर पिशवी गार पाण्यात बुडवा. ती तरंगते, म्हणून वर वाटी ठेवा आणि पाणी अर्ध्या तासाने बदला. माऊस तासाभरात, रॅट दोन-तीन तासांत वितळतो. ओट्यावर दिवसभर उघडा ठेवणं सर्वांत वाईट, मे महिन्यात तर विचारूच नका. बाहेरचा भाग मऊ झाला तरी आत बर्फ राहतो आणि तोवर आतड्यातले जिवाणू वाढू लागतात. पोट हिरवट झालं, फुगलं किंवा दाबताच फुटलं, तर तो उंदीर कचऱ्यात.

वितळलाय की नाही, ते बोटांनी कळतं. पोट आणि दोन्ही खांद्यांमधली जागा पिशवीवरूनच दाबा. उंदीर ओल्या फडक्यासारखा वाकला पाहिजे. आत कडक गाठ लागली तर परत पाण्यात.

मगच तापवा. भरवण्याच्या दहा-पंधरा मिनिटं आधी पिशवी ४५ अंशांच्या आसपासच्या पाण्यात ठेवा. गीझरचं पाणी पुरतं, उकळतं नको: त्याने कातडी शिजते आणि पोट उलतं. मायक्रोवेव्ह तर नकोच, कारण तो एका जागी शिजवतो आणि दुसरीकडे गारच ठेवतो. बॉल पायथनच्या ओठांवर उष्णता ओळखणाऱ्या खाचा असतात, त्यामुळे त्याला उंदराची कातडी ३८ अंशांच्या जवळपास लागते. थर्मामीटर गन असेल तर डोक्यावर धरून बघा. कॉर्न स्नेकला अशा खाचा नाहीत, तो मुख्यतः वासावर जातो. पिशवीत पाणी शिरलं तर कागदाने टिपून घ्या. ओल्या उंदराला पेटीतला भुसा चिकटतो आणि तो पोटात जातो.

संध्याकाळी, दिवे मंद करून भरवा. किमान ३० सेंटिमीटरचा बोथट टोकांचा चिमटा घ्या. हात नको, कारण सापाला गरम बोट आणि गरम उंदीर सारखेच. उंदीर कमरेशी धरा, डोकं सापाकडे, आणि थोड्या अंतरावरून हळूहळू हलवा. तोंडावर आदळू नका, भित्रा साप मागे सरकतो. पकडला की दोन-तीन हलके हिसके द्या, म्हणजे तो विळखा घालतो, मग चिमटा सोडून मागे व्हा. नाही घेतला तर पंधरा मिनिटांनी पुन्हा गरम करून बघा. तेही जमलं नाही तर उंदीर लपायच्या जागेच्या तोंडाशी रात्रभर ठेवा आणि सकाळी काढा. जिवंत उंदराला हे कधीच चालत नाही: खात नसलेल्या सापाला तो कुरतडतो.

डोळे निळसर झालेत, म्हणजे कात येतेय, तेव्हा थांबा. प्रौढ बॉल पायथन थंडीत आणि विणीच्या काळात आठवडेच्या आठवडे उपाशी राहू शकतो. दर आठवड्याला वजन लिहून ठेवा, १० टक्के घटलं तर सरपटणाऱ्या प्राण्यांचा पशुवैद्य गाठा.

खाल्ल्यानंतर ४८ तास साप हातात घेऊ नका. गिळलेलं ओकून टाकण्यामागे बहुधा हेच असतं, नाहीतर मोठं भक्ष्य किंवा थंड पेटी (बॉल पायथनच्या उबदार कोपऱ्यात ३१-३२ अंश हवेत). ओकल्यावर दोन आठवडे फक्त पाणी, मग निम्म्या मापाचं भक्ष्य. दुसऱ्यांदा ओकला तर डॉक्टरकडे जा.

गोठवण्याने साल्मोनेला मरत नाही. अमेरिकेत २०१४ मध्ये गोठवलेल्या उंदरांमधून माणसांना त्याची लागण झाली होती. चिमटा, वाटी, डबा वेगळे ठेवा, ते ओट्याच्या सिंकमध्ये धुवू नका, हात साबणाने धुवा आणि पाच वर्षांखालच्या मुलांना या कामापासून लांब ठेवा. उरलेला उंदीर दोन पिशव्यांत बांधून कचरागाडी येईल त्याच सकाळी बाहेर काढा. आदल्या रात्री ठेवलात तर मांजरं तो जिन्यात पसरतात.