वुडरफ ओळखा आणि लावा

गॅलियम ओडोराटम, म्हणजे स्वीट वुडरफ. मंजिष्ठेच्या कुळातलं, युरोपातल्या सावलीच्या जंगलांत जमिनीलगत पसरणारं बहुवर्षायू रोप. उंची जेमतेम वीतभर. चौकोनी देठ, त्यावर थोड्या थोड्या अंतरावर एकाच जागी गोलाकार फुटलेल्या सहा ते नऊ पानांची चक्रं आणि वसंतात चार पाकळ्यांची इवलीशी पांढरी फुलं.

मी पहिल्यांदा फसले ते याच्याच भावंडाला, गॅलियम अपरिनेला. तेही चक्रधारी, पण बाहीला चिकटून बसतं. वुडरफचा देठ जवळजवळ गुळगुळीत. शंका असेल तर डहाळी सुकत ठेवा. ताज्या पानाला फारसा वास नसतो. सुकताना मात्र कूमारिन या सुवासिक द्रव्यामुळे ताज्या गवताचा, व्हॅनिलासारखा गंध सुटतो. वहीत ठेवलेली माझी डहाळी अजून घमघमते.

बियांच्या नादी लागू नका. त्यांना थंडी लागते, रुजायला महिनोन्‌महिने घेतात. त्यापेक्षा वसंतात किंवा शरदात मुळांचा तुकडा कोंबासकट तोडून पानांच्या खतात उथळ पुरा. सावली हवी, ओल हवी. कडक उन्हात पानं करपतात. एकदा रुजलं की मुळं भराभर पसरतात, म्हणून मी कडेला फरशा उभ्या गाडल्यात. तरी एक कोंब पलीकडे निघालाच!