कुत्र्याच्या पिल्लाला शिट्टीवर यायला शिकवायचंय? मग आधी डोपामिनचा हिशोब बघा

नाशकात गंगापूर रोड म्हणा, इंदिरानगर म्हणा, सिडको म्हणा, हल्ली बऱ्याच जणांनी गावठी पिल्लं पाळलीत आणि तक्रार सगळ्यांची एकच, घरात ऐकतं पण बाहेर सोडलं की ढुंकूनही बघत नाही. उपाय आहे, फक्त त्याआधी मेंदूत काय चालतं ते जरा समजून घ्या, म्हणजे कुठली स्टेप का करायची ते आपोआप कळेल.

मेंदूत मध्यभागी खोलवर डोपामिन नावाचं रसायन सोडणाऱ्या पेशी असतात. काही घडत नसतानाही त्या सेकंदाला साधारण 3 ते 5 वेळा फायर होत असतात, म्हणजे विजेचा छोटासा सिग्नल सोडत असतात. मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांच्या मेंदूत या एकेका पेशीचे सिग्नल मोजले. अचानक ज्यूसचा थेंब मिळाला की पेशी धडाधड फायर व्हायच्या. मग दरवेळी ज्यूसच्या आधी लाइट लावला, आणि माकडाला ते कळल्यावर पेशी लाइट बघूनच फायर व्हायला लागल्या, ज्यूस आला तरी त्यांना काही विशेष नाही. आणि लाइट लावून ज्यूस दिलाच नाही, तर ज्या क्षणाला तो यायला हवा होता बरोब्बर त्याच क्षणाला पेशी गप्प! 1997 मध्ये शुल्ट्झ, पीटर डायन आणि रीड माँटेग्यू यांनी याचा अर्थ मांडला, की या पेशी खाऊ किती मिळाला ते सांगत नाहीत, अपेक्षेपेक्षा किती जास्त किंवा किती कमी मिळाला ते सांगतात. रीलवाले डोपामिनला सरसकट आनंदाचं केमिकल म्हणतात तेव्हा ही सगळ्यात सुंदर गोष्टच राहून जाते.

आकड्यात बघा. खाऊची किंमत 10 धरा, शिट्टीकडून पिल्लाची अपेक्षा 0. पहिल्यांदा फरक 10. समजा दरवेळी फरकाचा पाचवा हिस्सा शिकला जातो, तर अपेक्षा झाली 2. पुढच्या वेळी फरक 8, अपेक्षा 3.6. मग फरक 6.4. म्हणजे सुरुवातीला भराभर शिकणं होतं आणि नंतर हळूहळू, त्यामुळे दोन-चार दिवसांनी प्रगती मंदावली म्हणून वैतागू नका, ते असंच असतं.

आता कामाला लागा. शांत खोलीत पिल्लू दुसरीकडे बघत असताना शिट्टी वाजवा आणि लगेच, सेकंदाभरातच, खाऊ तोंडाशी. आधी शिट्टी, मग खाऊ, हा क्रम उलटा झाला तर शिट्टीला काही अर्थच उरत नाही. खाऊ म्हणजे उकडलेल्या चिकनचा नखाएवढा तुकडा किंवा पनीर. द्राक्षं मात्र अजिबात नाही, आपल्याकडे सीझनला घरोघरी पेट्या असतात पण द्राक्षं आणि मनुके कुत्र्यांच्या किडनीला घातक असतात, कांदा घातलेलं काही असेल तर तेही नको.

सगळ्यात जास्त गडबड होते ती पिशवीमुळे. खाऊची पिशवी कुरकुरली की पिल्लाला आधीच कळतं आता मिळणार, मग त्यावर शिट्टी वाजवलीत काय नि नाही काय, खाऊ आला तरी फरक शून्य, म्हणजे शिट्टीबद्दल शिकायला काही उरतच नाही. याला ब्लॉकिंग म्हणतात. मानसशास्त्रज्ञ लिओन कॅमिन यांनी उंदरांवर दाखवलं होतं आणि 2001 मध्ये शुल्ट्झ यांच्या टीमने माकडांच्या डोपामिन पेशींमध्येही तेच बघितलं, जुन्या खुणेसोबत जोडलेल्या नव्या खुणेला पेशी जवळपास दादच देत नव्हत्या. म्हणून खाऊ आधीच काढून मुठीत किंवा ओट्यावर वाटीत ठेवा, हात खिशाकडे जाऊ देऊ नका, शिट्टी वाजेपर्यंत पिल्लाला कसलाच सुगावा लागायला नको.

शिट्टी ऐकून मान झटकन वळायला लागली की माकडांच्या प्रयोगातलं ते लाइटवालं स्टेज आलं. मग दुसरी खोली, गच्ची, बिल्डिंगचं पार्किंग, आणि मग लांब दोरी लावून सोमेश्वरच्या बाजूला सकाळी गर्दी नसताना. बाहेर वास, गाई, दुसरी कुत्री, म्हणून तिथे खाऊ घरच्यापेक्षा भारी हवा.

आणि हे प्लीज पाळा: शिट्टीवर आलेल्या पिल्लाला रागवू नका, पट्टा अडकवून लगेच घरीही नेऊ नका. त्याने काहीतरी चांगलं मिळेल म्हणून धाव घेतली आणि हातात आलं ते अपेक्षेपेक्षा वाईट, फरक मायनसमध्ये, शिट्टीची किंमत खाली. खाऊ द्या, परत खेळायला सोडा, दोन-तीनदा असं झाल्यावर मग घरी.

पक्कं झाल्यावर खाऊ एकदम बंद करू नका. 10 ची अपेक्षा असताना 0 मिळालं तर त्याच हिशोबाने ती 8 वर येते, आणि सलग तसंच चाललं तर शिट्टी विझते. त्यापेक्षा कधी द्या, कधी नुसती पाठ थोपटा, कधी अचानक दोन तुकडे द्या. बाहेर तीनदा वाजवूनही आलं नाही तर चौथ्यांदा वाजवू नका, दोरीने हळूच जवळ घ्या आणि उद्या परत पार्किंगपासून सुरू करा.