भ्रंशाजवळची ब्रेसिंगची पोलादी इमारत कशी तपासावी

भ्रंश (म्हणजे भूकवचातली सरकणारी भेग) तुटताना ती फूट कातरलहरींच्या (जमिनीला आडवे हलवणाऱ्या भूकंपलहरींच्या) वेगाच्या साधारण ८० टक्के वेगाने पुढे धावते; त्यामुळे तिच्या वाटेवरच्या जागी लहरी जवळजवळ एकदमच पोहोचतात आणि बहुतेक ऊर्जा सुरुवातीच्याच एका मोठ्या स्पंदात, म्हणजे एका जोरदार हिसक्यात, येते. १७ जानेवारी १९९४ रोजी कॅलिफोर्नियात नॉर्थरिजला झालेल्या ६.७ परिमाणाच्या भूकंपात रिनाल्डी या भूकंपमापन केंद्रावर जमिनीचा वेग सेकंदाला दीड मीटरच्या पुढे गेला होता.

म्हणून पहिले काम नकाशाचे. ७ किंवा अधिक परिमाणाचा भूकंप घडवू शकणाऱ्या सक्रिय भ्रंशापासून १५ किलोमीटरच्या आतली जागा अमेरिकेची एएससीई ७-१६ ही इमारतींवरील भारांची संहिता भ्रंशानजीकची मानते. ६ परिमाणासाठी हे अंतर १० किलोमीटर आहे. भ्रंशाची दिशाही टिपून ठेवावी, कारण हा स्पंद सहसा भ्रंशरेषेला काटकोनात सर्वाधिक असतो, आणि भूकंपाच्या नोंदींचे आडवे घटक भ्रंशाला काटकोनात व समांतर फिरवून इमारतीच्या संगणकीय मॉडेलला द्यावेत. नोंदी निवडताना केवळ कमाल त्वरणावर विसंबू नये. स्पंदाचा आवर्तकाल (एका पूर्ण हेलकाव्याला लागणारा वेळ) पाहावा.

खरी मेहनत पुढे आहे. दाबाखाली ब्रेस (चौकटीतला तिरका पोलादी आधार) बकल झाला, म्हणजे बाजूला वाकला, की इमारतीचा ताठरपणा घटतो व आवर्तकाल लांबतो, म्हणजे आरंभी स्पंदापेक्षा कमी आवर्तकाल असलेली ताठर इमारत नुकसान होता होता स्पंदाच्या आवर्तकालाकडेच सरकत जाते. ताठरपणा बदलत नाही असे धरणाऱ्या रेषीय विश्लेषणात हे दिसत नाही. माझ्या मते अशा जागी अरेषीय कालक्रम विश्लेषण (नुकसानीसह इमारतीची हालचाल क्षणाक्षणाला मोजणारे) टाळूच नये. उलट्या व्ही आकाराच्या ब्रेसिंगमध्ये एक ब्रेस बकल झाल्यावरही दुसरा पूर्ण ताकदीने ओढत राहतो आणि तुळईला मध्यावर खाली खेचतो, म्हणून तुळई या असमतोल बलासाठी तपासावी. गसेट प्लेटवर (ब्रेस चौकटीला जोडणाऱ्या पत्र्यावर) ब्रेसच्या टोकापुढे प्लेटच्या जाडीच्या दुप्पट रुंदीची मोकळी पट्टी राखावी, म्हणजे टोक वळू शकेल. चौकोनी पोकळ ब्रेसचे पत्रे जाडीच्या मानाने रुंद असतील, तर बकल झाल्यावर मध्यभागी ते स्थानिक पातळीवर चुरगळतात आणि हेलकाव्यांच्या मोजक्याच फेऱ्यांत तिथे तडा जातो. तेव्हा रुंदी-जाडीचे गुणोत्तर काटेकोरपणे पाहावे.

बकलिंग रोखणारे ब्रेस हा दोष टाळतात, पण पोलाद यील्ड झाल्यावर (कायमचे ताणले वा दाबले गेल्यावर) त्यांचा ताठरपणा फार कमी उरतो आणि एकतर्फी स्पंद इमारत एका बाजूला कलती ठेवू शकतो. त्यासाठी आधाराला मोमेंट फ्रेम (खांब-तुळयांची पक्क्या सांध्यांची चौकट) द्यावी, आणि प्रत्येक मजल्याच्या कमाल विस्थापनासोबत धक्का थांबल्यावर उरलेले विस्थापनही तक्त्यात स्वतंत्र नोंदवावे.