मोल आणि मोलॅरिटीच्या गणितात या चुका टाळा

बाटलीवरचे लेबल न वाचता वजन करणे ही माझ्या मते प्रयोगशाळेतील सर्वांत घातक सवय आहे, कारण पुढची प्रत्येक पायरी अचूक असली तरी उत्तर चुकतेच. नागपुरात बारावीची प्रात्यक्षिके घेताना एका वर्षी मी तुकडीला ०.०५ मोलार ऑक्झॅलिक आम्लाचे २५० मिलिलिटर द्रावण तयार करायला सांगितले होते. मोल म्हणजे ग्रॅममधले वजन भागिले रेणुवस्तुमान, आणि मोलॅरिटी म्हणजे एका लिटर द्रावणातले विरघळलेल्या पदार्थाचे मोल. पहिल्या टेबलावरच्या मुलाने पाठ असलेल्या सूत्रावरून रेणुवस्तुमान ९० धरले, १.१२५ ग्रॅम वजन केले आणि त्याचा आकडा पाहून मागच्या टेबलांनीही तेवढेच वजन केले. बाटलीत मात्र डायहायड्रेट होते, म्हणजे आम्लाच्या प्रत्येक रेणूबरोबर पाण्याचे दोन रेणू असलेले स्फटिक. त्याचे रेणुवस्तुमान १२६ आणि आवश्यक वजन १.५७५ ग्रॅम. लेबलवर हे स्पष्ट छापलेले होते.

ब्युरेटमध्ये, म्हणजे खाली तोटी असलेल्या मोजनळीत, मी स्वतः तयार केलेले ०.०२ मोलार पोटॅशियम परमँगनेट होते. दहा मिलिलिटर आम्लासाठी तेही दहा मिलिलिटर लागायला हवे होते, पण ७.१ वरच अभिक्रिया पूर्ण झाल्याची खूण असलेली फिकट गुलाबी छटा टिकली आणि तीनदा करूनही रीडिंग तेच आले. काही मुलांनी ते खोडून १०.० लिहिले, याचे मला वजनाच्या चुकीपेक्षा अधिक वाईट वाटले. ७.१ भागिले १० हे गुणोत्तर म्हणजेच जवळपास ९० भागिले १२६. रीडिंग स्वतःच चूक कुठे झाली ते सांगत होते आणि मुलांनी तोच पुरावा पुसून टाकला. तेव्हापासून वजनकाट्याजवळ जाण्यापूर्वी लेबलवरचे नाव, रेणुवस्तुमान आणि शुद्धतेची टक्केवारी वहीत उतरवून घेतल्याशिवाय मी कोणालाही बाटली उघडू देत नाही.

दुसरी चूक पाठांतराच्या घाईतून येते. ‘एम-वन व्ही-वन बरोबर एम-टू व्ही-टू’ (एम म्हणजे मोलॅरिटी, व्ही म्हणजे आकारमान) हे सूत्र द्रावण विरल करण्यासाठी आहे, कारण तेथे द्राव्याचे मोल बदलत नाहीत. तेच सूत्र टायट्रेशनला, म्हणजे वरच्यासारख्या ब्युरेटच्या मोजणीला लावले, तर दोन्ही पदार्थ एकास एक प्रमाणात अभिक्रिया करतात असे आपण न सांगता गृहीत धरतो. परमँगनेट आणि ऑक्झॅलिक आम्ल यांचे प्रमाण मात्र दोनास पाच आहे. वरच्याच प्रयोगात योग्य वजन घेऊनही या सूत्राने परमँगनेटची मोलॅरिटी ०.०२ ऐवजी ०.०५ येते, म्हणजे अडीचपट. क्लासमध्ये मिळालेल्या ‘ट्रिक’वर विसंबणारी मुले येथे हमखास अडकतात. मी आधी संतुलित समीकरण लिहायला लावतो, नंतर मोल काढायला आणि सूत्र अगदी शेवटी.

लिमिटिंग रिएजंट, म्हणजे अभिक्रियेत आधी संपणारा पदार्थ, ओळखतानाही हेच घडते. आपल्या जिल्ह्यात मानसर आणि कांद्री येथे मँगनीजच्या खाणी आहेत, म्हणून मी मँगनीज डायऑक्साइडचेच उदाहरण देतो. कागदावर दहा ग्रॅम शुद्ध मँगनीज डायऑक्साइड आणि दहा ग्रॅम हायड्रोजन क्लोराइड हे आम्ल घ्या; त्यांच्या अभिक्रियेतून क्लोरीन वायू मिळतो. मोल अनुक्रमे ०.११५ आणि ०.२७४ येतात, आणि आम्लाचे मोल जास्त दिसल्यामुळे बहुतेक मुले डायऑक्साइड आधी संपेल असे लिहून ८.१५ ग्रॅम क्लोरीनचे उत्तर काढतात. परंतु एका मोल डायऑक्साइडला चार मोल आम्ल लागते. ०.२७४ ला चारने भागले की ०.०६९ उरतात, म्हणजे आधी संपते ते आम्ल आणि क्लोरीन मिळतो सुमारे ४.८६ ग्रॅम. मोल काढल्यावर सहगुणकाने, म्हणजे समीकरणात सूत्राआधी येणाऱ्या आकड्याने, भागणे ही एकच पायरी गाळल्यामुळे उत्तर जवळपास पावणेदोनपट होते.

समीकरण संतुलित करताना सूत्रातील पादांक बदलू नयेत, कारण त्याने पदार्थच बदलतो. परमँगनेटच्या टायट्रेशनसाठी विरल सल्फ्युरिक आम्लच वापरावे, कारण हायड्रोक्लोरिक आम्लाचे परमँगनेट स्वतःच ऑक्सिडीकरण करते. आम्ल विरल करताना आम्ल पाण्यात ओतावे, पाणी आम्लात कधीही ओतू नये. येथे मी कोणतीही सबब ऐकून घेत नाही.

‘एक लिटर द्रावण’ आणि ‘एक लिटर पाणी’ यांतला फरकही मुले सहज विसरतात. एक मोल साखर, म्हणजे ३४२ ग्रॅम, एक लिटर पाण्यात टाकली तर द्रावण जवळपास १.२ लिटर होते आणि त्याची मोलॅरिटी एक राहत नाही. म्हणून आधी थोड्या पाण्यात विरघळवावे आणि मगच स्टँडर्ड फ्लास्कच्या खुणेपर्यंत पाणी घालावे.

नागपूरच्या मे महिन्यात याला उन्हाची जोड मिळते. पाणी २० अंशांवरून ४५ अंशांपर्यंत तापले की त्याचे आकारमान सुमारे ०.८ टक्के वाढते आणि तेवढ्या प्रमाणात मोलॅरिटी उतरते. मोलॅलिटी, म्हणजे दर किलो द्रावकातले मोल, मात्र वजनावर आधारलेली असल्याने बदलत नाही. सोडियम हायड्रॉक्साइड विरघळताना तर द्रावण स्वतःच तापते आणि घाईची मुले ते गरम असतानाच खुणेपर्यंत भरतात. थोड्या वेळाने पातळी खुणेच्या खाली गेलेली दिसते आणि मग ती पुन्हा पाणी घालू का, असे विचारतात. मी बीकर माठातल्या पाण्याने भरलेल्या घमेल्यात ठेवायला लावतो आणि तळाला हात लावून तो गार लागेपर्यंत फ्लास्क कोणाच्याही हाती देत नाही.